बांध कापला तो दिवस

मी मुळात भित्री नाही. माहेर डोंगराच्या पायथ्याचं. साप, तरस, ओढ्याचा पूर, सगळं बघत वाढलेली. त्यामुळे लग्न होऊन खाडीकाठच्या गावात आले आणि पावसाळा लागल्यावर सासूबाई दर अमावास्येला, पौर्णिमेला सकाळपासून कावऱ्याबावऱ्या होतात हे पाहिलं, तेव्हा मला मनातल्या मनात हसूच आलं. पावसाळ्यात कसली तिथी बघायची?

तिथी बघायची ती खाडीसाठी. आमचं भातशेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होतं आणि दोघांच्या मध्ये होता फक्त चिखलाचा बांध. पावसाचं साठलेलं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून त्या बांधात लाकडी झडपेची एक वाट ठेवलेली असे, तिला उघाडी म्हणत. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण यायचं, पाणी भर दुपारी पार बांधाच्या माथ्याशी चढायचं. ते उतरलं की सासूबाई शेतातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायच्या. गोड लागलं तरच जेवायला बसायच्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवं शहर होणार, जमिनी जाणार, असं जो तो बोलत होता. दर उन्हाळ्यात प्रत्येक घराने आपापल्या वाट्याच्या बांधावर चिखल चढवायचा ही गावाची रीत, पण त्या वर्षी कोणी हात लावला नाही. जाणाऱ्या जमिनीसाठी कंबर कशाला मोडा? लावणी मात्र सगळ्यांनी केली. पोटाला सुट्टी देता येत नाही ना! त्यातच नव्या रस्त्याचा भराव येऊन उघाडीच्या तोंडावर पडला आणि झडप कायमची मिटली.

आषाढात पाऊस लागला आणि थांबायचं नावच घेईना. पाण्याला वाट नाही, भात शेंड्यापर्यंत बुडालं. आणखी दोन दिवसांत कुजलं असतं. अमावास्येच्या पहाटे पुरुष मंडळींनी ठरवलं, ओहोटी आहे तोवर बांध कापायचा, पाणी सोडायचं आणि भरतीच्या आत पुन्हा बुजवायचं. माझा नवरा सगळ्यांच्या पुढे.

"अवसंला बांद नाय कापायचा रं," सासूबाई कळवळून म्हणाल्या. "उद्या कापा."

"उद्यापर्यंत भात र्‍हातंय का, आई?" एवढं बोलून तो गेलासुद्धा.

कापलेल्या जागेतून पाणी धावलं तेव्हा आम्हा बायकांना आनंदच झाला. भाताचे शेंडे वर दिसू लागले. पण उन्हाळ्यात चिखल न चढवलेला तो बांध आतून भुसभुशीत झाला होता. पाण्याबरोबर दोन्ही कडा ढासळत गेल्या आणि हातभर कापलेली जागा बैलगाडी जाईल एवढी झाली. तेवढ्यात भरती लागली.

पुरुष एकमेकांच्या हातात हात अडकवून, खाडीकडे पाठ करून त्या खिंडारात उभे राहिले आणि त्यांच्या पुढ्यात आम्ही चिखल आणि पेंढा टाकत राहिलो. पाणी नवऱ्याच्या कमरेला आलं, मग छातीला. तो मधोमध होता. टाकलेला चिखल निम्मा वाहून जात होता. सासूबाई घरी पळाल्या, कणगीतलं भात जमिनीवर ओतलं, तिच्याभोवतीचा कारव्यांचा विणलेला कूड उपटून आणला आणि तो आडवा लावला तेव्हा कुठे चिखल ठरायला लागला. पाणी त्याच्या हनुवटीशी होतं. मी देवाला हाक मारायची सोडून नवऱ्याला शिव्या देत होते, मोठमोठ्याने, सगळ्या गावासमोर.

बांध बुजला. नवऱ्याला वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. पहिला प्रश्न काय, तर, "आत पानी कसा हाय?" खाडीचं पाणी पिऊन पुरुषांच्या तोंडाला चवच उरली नव्हती. सासूबाईंनी ओंजळ भरली, चाखली आणि माझ्याकडे पाहिलं. "तू बग गो."

मी चाखलं. खारट होतं. पण माझं सगळं तोंड रडून ओलं झालेलं, त्यामुळे ते शेताचं मीठ की माझं, हे मला कळेना.

ते शेताचंच होतं. आता एकच उपाय, आणखी पाऊस, म्हणजे मीठ धुऊन निघेल. आणि दुसऱ्या दिवशी, इतके दिवस ज्याला कोसत होतो तो पाऊस थांबला. लख्ख ऊन पडलं. निळ्या आभाळाचंही भय वाटतं, हे मी तेव्हा शिकले. पातीची टोकं तांबूस व्हायला लागली. मग आम्ही दोघी सासू-सुना भर श्रावणात विहिरीचं पाणी हंड्यांनी वाहून शेताच्या एका कोपऱ्याला घालत राहिलो. निदान बियाण्यापुरतं तरी जगावं. लोक हसले. हसू देत.

तो कोपरा जगला. सासूबाईंनी ते बियाणं पेंढ्यात बांधून आढ्याला टांगलं.

पुढच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर ट्रक आले आणि आमच्या शेतात मुरूम ओतू लागले. नवरा घरात तोंड फिरवून बसला. सासूबाई मात्र अंगणात येऊन बघत राहिल्या. त्या दिवशी अमावास्या होती. मी सवयीने म्हटलं, "आई, आज उधाण आहे."

"येव दे," त्या म्हणाल्या. "आता येव दे कवढाबी."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. बांध कापला त्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते.