जमुनाबाईनं सही केली नाही

जमुनाबाईला लोक खडूस म्हणतात. म्हणोत! बाईच्या हातात लाटण्याशिवाय दुसरं काही ज्यांना बघवत नाही, ते आणखी काय म्हणणार? मी तिला ओळखते. आणि मी तिचं केवढं वाटोळं करायला निघाले होते, तेही मलाच ठाऊक आहे. म्हणून मीच सांगणार. घरच्यांना राग आला तर येऊ दे.

गोंदियात राइस मिलच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान. दुकान कसलं, टिनाचं छप्पर, लोखंड पकडायचा एक शिकंजा, चार कानशी आणि तेलाचा वास. तिचा बाप मनिराम मिस्त्री बंदुका दुरुस्त करायचा, त्याच्या हाताखाली ही शिकली. बाप गेला तेव्हा लायसन आपल्या नावावर व्हावं म्हणून तिनं दोन वर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. तिथल्या बाबूनं हसून विचारलं, "बाई, बंदुकीची भीती नाही वाटत?" ही म्हणाली, "बंदुकीची नाई वाटत. तुमच्या टेबलाची वाटते. तिथं गेलेला कागद वापस येत नाई." १९९९ साली लायसन तिच्या नावावर झालं.

दुकानाच्या भिंतीवर बंदुकांच्या फाटक्या नळ्या टांगलेल्या. एकीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, मालकानं न बघता बार काढला. एकीत साफ करताना चिंधी राहून गेली. एका शहाण्यानं बारा बोरच्या बंदुकीत वीस बोरचं बारीक काडतूस टाकलं. ते आत सरकून अडकलं, याला वाटलं भरलंच नाही, मागून दुसरं भरलं! बारा बोरच्या नळीचं तोंड आतून जरा आवळलेलं असतं, छर्रे फार पांगू नयेत म्हणून. त्याला चोक म्हणतात. पुष्कळशा वस्तू तिथंच अडकतात. "नळी आपोआप फाटत नाई," जमुनाबाई म्हणायची, "मानूस फाडते."

आणि तिचा एक नियम होता. दुरुस्त झालेली बंदूक ती उघडायची, नळी दाराकडे धरायची आणि गिऱ्हाइकाला डोळा लावायला सांगायची. "उजेड दिसते का?" समोरचा "दिसते" म्हणाला की मगच बंदूक त्याच्या हातात. मोठमोठे पाटील चिडायचे. "डोळा तुमचा, जीव तुमचा. माज्यावर कायले भडकता?" हे तिचं उत्तर.

आता आमची गोष्ट. साल २००६. आमगावजवळ आमची धानाची शेती, आणि डुकरं हाकलायला घरात लायसनची दुनळी. पोळ्यानंतर तिचा नळीबुडचा, दस्त्याकडचा जोड ढिला झाला, तो जमुनाबाईनं पक्का करून दिला. मग दसरा आला. शस्त्रपूजा आमच्या घरी मीच करते. बंदूक देवाजवळ भिंतीला उभी केली, दोन्ही नळ्यांच्या तोंडाला कुंकू लावलं, एकेक विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी. एक सुपारी घरंगळत होती. पडू नये म्हणून मी ती अंगठ्यानं आत दाबली. दुसऱ्या दिवशी उचलायला गेले तर एकच सापडली. मी यांना, म्हणजे दुर्गाप्रसादला, सांगितलंसुद्धा. "उंदरानं नेली असंल," म्हणाले.

आठवड्यानं सकाळी उजाडताना डुकरं धानाच्या बांधीत शिरली. हे बंदूक घेऊन धावले, काडतूस भरलं, हवेत बार काढला. नळीचं तोंड केळ्याच्या सालीसारखं फाटलं. लोखंडाचा कपचा भुवई चाटून गेला. तीन टाके पडले. बोटभर खाली असता तर डोळाच गेला असता, माय!

टाके घालून घेतानाच यांनी सुरू केलं, मिस्त्रिणीनं काम कच्चं केलं म्हणून. मी हळूच म्हटलं, "अहो, ते सुपारी..." यांनी असे डोळे वटारले! "सुपारीचं नाव काढशील तर गाव हसंल. माजं लायसन जाईल." आणि मी गप्प बसले. तोंडाला कुलूप! अजून स्वतःची लाज वाटते.

यांनी तक्रार दिली. जमुनाबाईचं दुकान बंद झालं. बाराव्या दिवशी चौकशीचे साहेब आले आणि आम्हा दोघांनाही दुकानात बोलावलं. यांनी कागद लिहूनच आणला होता: दुरुस्ती कच्ची झाली हे कबूल, यापुढे हा धंदा करणार नाही. "सही कर, बाई," हे म्हणाले, "मी केस पुढं नेत नाई. या वयात कायले भानगड?"

तिनं कागद वाचला आणि बाजूला सारला. फाटकी नळी उचलली, साहेबाचं बोट धरून तिच्यावर फिरवलं. "हे फुगलेलं कडं लागते ना बोटाले? जिथं अडलं तिथं फुगलं, मंग फाटलं. माजं काम इकडं, बुडाशी. ते कच्चं असतं तर या दुर्गाप्रसादचा गाल गेला असता, भुवई नाई." तिनं जोड धरून गदगदा हलवला. तसूभर हलला नाही. "नळीच्या तोंडात काहीतरी होतं."

"क्या था? सबूत है?" साहेब म्हणाले.

"सबूत उडून गेला, साहेब. पन सही मी करत नाई. लायसन घेऊन जा. हे हात बी तोडून घेऊन जा. खोट्यावर जमुना सही करत नाई!"

मग तिनं नळीचं तोंड नखानं खरवडलं. नखाला लाल लागलं. ती यांच्याकडे नाही, सरळ माझ्याकडे बघायला लागली. "दसऱ्याले पूजा कोनं केली?"

"तिले काय समजते?" हे उसळले. "घरची बाई आहे ते."

"मी बी बाईच आहे. तिले बोलू दे."

मी यांच्या मागून पुढं आले. अंगात कुठून जोर आला देव जाणे. "मी केली," मी म्हटलं. "सुपारी अंगठ्यानं आत दाबली. मंग ते सापडली नाई. यायले मी सांगितलं होतं."

"चूप राय!" हे ओरडले.

"नाई राहत! बारा दिवस राहिली चूप, पुरे झालं."

साहेबांनी आमचा कागद घडी करून खिशात घातला आणि दुसरा लिहायला घेतला. माझी सही त्यावर पहिली. जमुनाबाईनं मला शाबासकी दिली नाही. उलट झापलं, "बारा दिवस माजं दुकान बंद ठेवलं तू! काऊन? नवऱ्याच्या भुवईसाठी?" मी रडायला लागले. "रडू नको. सायेबानं नळी सोडली का आनून दे. भिंतीवर जागा आहे."

हे मोटरसायकल सुरू करून एकटेच निघून गेले. गेले तर गेले! मी आमगावची गाडी पकडून घरी आले. आठ दिवस आमच्यात शब्द नव्हता. माझ्या हातचा भात मात्र दोन्ही वेळ खात होते.

जमुनाबाईचं दुकान त्या कागदानं पुन्हा उघडलं, यांचं लायसनही वाचलं. दोन वर्षांनी यांनी एकनळी घेतली. म्हणाले, नागपूरला तपासून घेऊ. मी म्हटलं, जमुनाबाईच्या हाताखालून गेल्याशिवाय ही बंदूक घरात येणार नाही. आली तर मी त्या घरात राहणार नाही. मिशीतल्या मिशीत पुटपुटले, पण गाडी गोंदियाला वळली.

भिंतीवर आमची फाटकी नळी होती, तिला दोऱ्यानं एक सुपारी बांधलेली. जमुनाबाईनं एकनळी तपासली, पुसली, दाराकडे धरली. "आधी तू पाह्य," मला म्हणाली. मी डोळा लावला. गोल उजेड, त्यात गल्लीतली बकरी. मग तिनं नळी यांच्यासमोर धरली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली.

"उजेड दिसते का, दुर्गाप्रसाद?"

यांनी भिंतीवरच्या नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दिसते," ओठातल्या ओठात म्हणाले.

"ऐकू नाई आलं."

"दिसते!"

तेव्हा कुठं तिनं बंदूक सोडली.