सगळा केर

ज्या झाडाला पानंच नाहीत त्याच्यासाठी ऑफिसातून रजा काढणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका त्याच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, मी राहत होतो.

चौऱ्याऐंशी साली बदली होऊन आम्ही जयपूरला आलो. खाली रेल्वेतले एक गृहस्थ होते, मूळचे अकोल्याचे, एकटेच. मागचं अंगण दोघांत सामाईक. त्यात मी गुलाबाची बारा रोपं लावली. त्यातली अकरा मे महिन्यातच गेली. त्यांनी काहीच लावलं नव्हतं. जे आपोआप उगवेल त्याला ते पाहुण्यासारखं वागवत आणि त्याचे फोटो काढत. कुंपणापाशी रुई होती, ती ‘मावशी’. कोपऱ्यात नुसत्या हिरव्या, काटेरी काड्यांचं एक झुडूप होतं, तो ‘मामा’. मावशीचा फोटो काढताना ते चपला काढून ठेवत. मी कारण विचारलं.

“मावशीपुढे चपला घालून जाता काय जी तुम्ही?”

मला मावशी नाही.

मामाचे मात्र वर्षाला छत्तीस फोटो, महिन्याला तीन. रोल धुऊन आला की मला खाली बोलावून ते टेबलावर छत्तीस मामा मांडत. “हा पौषातला. हा लू सुरू झाल्यावरचा. फरक दिसते ना?” मी चष्मा पुसून पाही. मला छत्तीस वेळा एकच खराटा दिसे. एकदा धीर करून म्हटलं, “हा जरा रोडावलाय.”

“उलटा धरला तुम्ही.”

फाल्गुन सरता सरता मामाला लाल फुलं येत. तो फोटो मात्र त्यांच्याकडे नव्हता. एका वर्षी ऐन बहरात बाहेरगावची ड्युटी निघाली. दुसऱ्या वर्षी रोल पुढे सरकलाच नाही, सगळा बहर एकाच फोटोवर एकावर एक चढला. आता उरला एकच फाल्गुन, कारण वैशाखात ते निवृत्त होऊन अकोल्याला जाणार होते. “यंदा मामाले लाल फेट्यात घेतो,” असं त्यांचं दिवाळीपासून चाललं होतं; त्यासाठी रजाही काढून ठेवली होती.

माघात मी माळी बोलावला. अंगणात वाळकी पानं आणि कागद साठले होते. मी माझ्या हिंदीत स्पष्ट सांगितलं, “भैया, पीछे का सारा केर निकाल दो.”

तो घुटमळला. “सारा केर, बाबूजी?”

“सारा. एक काडी भी नहीं रहनी चाहिए.”

तासाभराने पाहतो तो कचरा जागच्या जागी आणि मामा नाही. मी ओरडलो. माळ्याने काटेरी मोळी पुढे केली. “आपने ही तो केर बोला!” इकडे त्या झुडपाचंच नाव केर आहे, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षांत मी त्याचं मामाखेरीज दुसरं नाव ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यांना सांगितलं. ते उरलेल्या बुंध्याशी उकिडवे बसले. मग म्हणाले, “माह्यीच चूक. नाव सांगाले पाहिजे होतं तुम्हाले.” ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आतून कॅमेरा आणला आणि त्या बुंध्याचा फोटो काढला.

चैत्रात मुळांतून कोंब फुटले, फूल एकही नाही. वैशाखात ते गेले.

त्यानंतरच्या दुसऱ्या फाल्गुनात मामा खरोखरच लाल झाला. मी मेव्हण्याचा कॅमेरा आणून अख्खा रोल संपवला आणि सगळे फोटो अकोल्याला पाठवले. सोबत फुलांची संख्या कळवली: एकशे बारा. पोस्टकार्ड आलं: ‘फोटो पोचले. तीस हललेले आहेत, पण मामा ओळखू येतो. मधमाश्या होत्या काय? वास कसा होता? ते लिहिलं नाही तुम्ही.’

कार्ड घेऊन मी खाली उतरलो. फुलं गळून गेली होती, काड्यांना बारीक हिरवी फळं धरली होती. वाकून वास घेतला, काही कळलं नाही. कार्ड तीन दिवस टेबलावर पडून राहिलं. चौथ्या दिवशी लिहिलं, ‘पुढच्या फाल्गुनात नीट पाहून कळवतो. खरं तर मला ते जमायचं नाही. तुम्हीच या.’