अंजनीच्या दोन काठ्या

कोंडामावशीच्या हातात कुठलंही लाकूड दिलं की ती आधी त्याला नाक लावायची. डिंभ्यात कुणी नवं फर्निचर आणलं की तिला बोलावणं जायचं, नाहीतर ती न बोलावताच जायची. एकदा सरपंचांनी सागवानी म्हणून आणलेल्या सोफ्याला तिनं वाकून हुंगलं आणि चारचौघांत सांगितलं, "भाऊ, तुमाला लई फशिवलं. आंबा हाय ह्यो." सरपंच महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिला त्याचं काही नव्हतं. तिचं माहेर आहुप्याचं, सगळं बालपण रानात गेलेलं. आम्हाला मोबाईल येतो तितक्या सहज तिला झाडं यायची.

नवरा लवकर वारला होता. धरणाजवळ मासे तळून विकत तिनं एकुलत्या एका निलेशला वाढवलं. निलेश, सनी आणि मी एका बाकावरचे, आणि जेवायला बहुतेक तिच्याच घरी. "खावा रं, मासं काय माझ्या बापानं मोजून सोडल्यात व्हय धरनात?" असं म्हणत ती वाढत राहायची.

आम्ही सतरा वर्षांचे असताना निलेश आयटीआयच्या प्रवेशासाठी शहरात गेला आणि तिथल्या बाजारात झालेल्या बॉम्बस्फोटात मारला गेला. मावशी रडली नाही. तेराव्यानंतर तिनं पुन्हा चुलीवर कढई ठेवली आणि आम्हा दोघांना जेवायला हाक मारली.

आमचं मात्र डोकं फिरलं होतं. दिवसभर मोबाईलवर चीड आणणारे व्हिडिओ बघायचे, एकमेकांना पाठवायचे. स्फोट करणारे आमच्या हाती लागणार नव्हते. दर गुरुवारी स्कूटरवरून चादरी विकायला येणारे रहीमचाचा लागणार होते. स्फोट करणाऱ्यांचा जो धर्म तोच त्यांचा, एवढंच आम्हाला पुरलं. मावशीच्या घराखालच्या वळणावर त्यांना गाठायचं ठरलं. मी म्हणालो, पाय मोडू. सनी म्हणाला, "जित्ता सोडायचा न्हाई." मी त्याला नको म्हणालो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

काठ्या आम्ही आहुप्याच्या देवराईतून तोडून आणल्या. देवाच्या रानातलं लाकूड, म्हणजे वार वाया जाणार नाही, ही आमची अक्कल. त्याहून मोठी अक्कल म्हणजे त्या लपवल्या कुठे, तर वळण जवळ पडतं म्हणून मावशीच्याच सरपणात.

गुरुवारी सकाळी आम्ही पोचलो तर ती दोन्ही काठ्या घेऊन अंगणात उभी.

"ह्या कुनाच्या?"

"स्टंपा हायेत, मावशी," मी म्हणालो.

तिनं काठी नाकाशी नेली. "अंजनी. आन् एवढी जाड अंजनी राईबाहेर ऱ्हायली न्हाई कुठं." मग तिनं आमच्याकडे बघितलं. "देवाच्या रानातली वाळकी काडीबी आमी उचलत न्हाई, आन् तुमी वली तोडली? चला. ज्यानं नेलं त्यानंच परत ठिवायचं, आन् कशापायी नेलं ते देवाला सांगायचं."

"उद्या जाऊ ना," सनी म्हणाला. रहीमचाचा यायला तासभर उरला होता.

"आत्ताच. यष्टी येतीय."

एरवी दोन-दोन तास ताटकळत ठेवणारी एसटी नेमकी त्या दिवशी वेळेवर आली.

राईशी पोचल्यावर तिनं चपला बाहेर काढल्या, तोडलेलं झाड आम्हाला शोधायला लावलं आणि काठ्या बुंध्याशी ठेवायला लावल्या. "आता सांगा. क्रिकेट म्हनलात तर कान उपटीन."

सनीनं हात जोडले. "देवा, चादरवाल्या रहीमचाचांना मारायला नेल्या व्हत्या. निलेशसाठी."

मावशीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती मटकन खाली बसली.

"माझ्या पोराला मारनाऱ्याला त्याचं नावबी ठावं नव्हतं," ती म्हणाली. "तुमाला तर त्या मानसाचं नाव ठावं हाय. चाचा म्हनता त्याला."

मग तिला रडू फुटलं, निलेश गेल्यापासून पहिल्यांदा. रडता रडता तिनं माझ्या पाठीत दोन धपाटे घातले आणि आम्हा दोघांनाही जवळ ओढलं. "एक गेलं रं माझं. तुमी जेलात गेलात तर मी वाढू कुनाला? ऱ्हायलेली दोन तरी ठिवा मला."

आम्हीही रडलो. परतीची गाडी मिळेपर्यंत तिघंही रस्त्याकडेला नुसते बसून होतो. पुढच्या गुरुवारी रहीमचाचांनी नेहमीसारखी हाक मारली तेव्हा आम्हाला वर बघवेना. त्यांना कधीच काही कळलं नाही.

आता माझं आळेफाट्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, सनी पिकअप चालवतो. तरी महिन्यातून एकदा मावशीकडे जेवण ठरलेलं असायचं. गेल्या हिवाळ्यात ती गेली. न्यायची वेळ झाली तेव्हा भावकीतल्या एका आजोबांनी विचारलं, "मडकं कोन धरनार? पोरगं हाय का हिला?"

सनी आणि मी एकदमच पुढे झालो.

"आरं, एकानंच धरायचं आसतं," आजोबा म्हणाले.

आम्ही दोघांनी धरलं.