केबलला अडकवलेली पिन

बॅगेतली निळी चपटी कन्सोल केबल काढताना तिला अडकवलेली सेफ्टी पिन बोटाला टोचली, की मला बाळापूरजवळची ती कापसाची जिनिंग फॅक्टरी आठवते. सरकीचा तेलकट वास, हवेत तरंगणारी रुई, आणि ऑफिसातल्या टेबलावर हळदीकुंकू लावलेला नवाकोरा नेटवर्क स्विच. एकटीनं करायचं माझं ते पहिलंच काम, आणि दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाड्या येणार होत्या, त्याआधी नेटवर्क सुरू व्हायला हवं होतं. स्विचची सेटिंग करायला केबलचं एक टोक लॅपटॉपला लावलं, दुसरं स्विचच्या कन्सोल पोर्टमध्ये खुपसलं, स्क्रीन काळीच. स्पीड तपासला, ड्रायव्हर पुन्हा टाकला, तासभर त्याच काळ्या चौकोनाशी भांडले. जिनिंगचे म्हातारे इलेक्ट्रिशियन काका दारातून बघत होते. म्हणाले, “कावून जीव काढून राहिली पोरी? अमरावतीवरून मानूस बोलावू.” “अमरावतीवरून मीच तर आली काका,” मी म्हटलं आणि केबल उपसून पुन्हा दाबली. तेव्हा ध्यानात आलं, ती टक् करून बसतच नव्हती. मोबाइलचा टॉर्च मारला. पोर्टच्या तळाशी एक पिवळा तांदूळ होता, सकाळच्या पूजेतल्या अक्षतांमधला. बांगडीतली पिन काढून तो दाणा उकरला, केबल टक्कन बसली, एंटर दाबलं आणि अक्षरं भराभर उमटू लागली. काका खाली बघून म्हणाले, “मीच टाकल्या होत्या. चांगलं चालावं म्हनून.” आता नव्या मशीनची कुठंही पूजा असली, की सगळे हात जोडतात, मी एक हात पोर्टवर ठेवून उभी राहते.