शेवटच्या कोपीतला बल्ब

"कोपीतली अक्कल कोपीतच ठेवायची." सर म्हणाले आणि अख्खी नववी हसली.

टेबलावर एकसारखे तीन बल्ब होते. एकाच वायरीत, एकापुढं एक जोडलेले. सगळ्यात मंद कोणता पेटेल, असं सरांनी विचारलं. मी हात वर केला. मी म्हणाले, शेवटचा. सरांनी बटण दाबलं. तिन्ही सारखेच पेटले.

मी चुकले, हे खरं. पण जन्मभर पाहिलं तेच सांगितलं होतं. आम्ही पाथर्डीकडचे, ऊस तोडायला नेवाशाकडं येणारे. शेताच्या मालकाच्या विहिरीवरून एक वायर निघते आणि आमच्या कोप्यांवरून, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांवरून जाते. पहिली कोपी मुकादमाची, लख्ख. शेवटची आमची. आमच्या बल्बची नुसती तार लाल होते.

मी बल्ब जोडून बघायला पुढं झाले, तर सरांनी माझा हात झटकला. "पट्टा पडला, कारखाना बंद झाला की चालली तू गावाला. पाहुण्यांनी मागं बसायचं." मागं म्हणजे दाराशी, चपलांजवळ. पहिल्या बाकावर मालकाचा पोरगा बसला होता. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

संध्याकाळी बापाला विचारलं. तो म्हणाला, "शेवटच्याला मंदच असतंय, पोरी. लई बोलू नगं शाळेत." मला त्याचाही राग आला. मी मुकादमिणीला विनवलं आणि दोन्ही कोप्यांतले बल्ब बदलले. आमचा बल्ब तिच्याकडं लख्ख पेटला. तिचा आमच्याकडं मेल्यासारखा. म्हणजे बल्बात खोट नव्हतीच. वायर बघत विहिरीपर्यंत गेले. मुकादमाच्या कोपीपर्यंत जाड, नवी. पुढं आमच्याकडं केसासारखी बारीक, जोडावर जोड. शेवटचे म्हणून आम्ही मंद नव्हतो. आम्हाला वायरच तशी दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले, मालकाच्या पोराशेजारी. तो सरकला, अंग चोरून. सर म्हणाले, "ऊठ."

"न्हाई उठनार."

मालकाला सांगेन, सर म्हणाले. बापाला फडातून काढतील, म्हणाले. तरी बाक सोडला नाही.

सरांनी मालकाला सांगितलंच. बापानं मला मारलं आणि उद्यापासून कोयता धर म्हणाला. मी धरणार नाही. पहिल्याच बाकावर बसणार आहे. ती बारीक वायर मालकानं ओढली, हे मला कळलंय. आम्हालाच तसली वायर का, हे वर्गात त्याच्या पोरासमोर विचारणार आहे, आणि बसून विचारणार आहे.