गोदामाची भिंत आणि मासाळ सर

मासाळ सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरून तळहात फिरवायचे आणि मगच खुर्चीत टेकायचे. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा सोफ्यामागची भिंत चाचपून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हितं वल हाय. वरच्या मजल्यावाल्याला सांगा." नवरा फुगून बसला, कारण रंग नुकताच दिला होता. पुढे त्याच जागी पोपडे सुटले आणि सरांचा आमच्या घरातला भाव एकदम वधारला.

आम्ही दोघं कराडच्या एकाच शाळेत होतो. मी विज्ञान शिकवायची, ते चित्रकला. माणूस मूळचा माणदेशातल्या मेंढपाळ घरातला, पण लहानपणीच सांगलीच्या वसतिगृहात आलेला, त्यामुळे मेंढरांशी ओळख बेताचीच. "आमच्या बाचं बकरं बी मला बघून तोंड फिरवायचं," असं ते स्वतःच सांगत. बोलणं मात्र त्यांनी शेवटपर्यंत गावाकडचंच ठेवलं. शाळा तपासायला साहेब आले तरी "आवं साहेब, बसा की" असं स्वागत व्हायचं आणि आम्ही बाकीचे उगाच घाम पुसत उभे.

निवृत्तीनंतर ते रस्त्यावरच्या भिंतींच्या मागे लागले. मंडईमागच्या बोळात लोक नको तो विधी उरकायचे. तो थांबावा म्हणून तिथे देवांच्या फरशा बसवायचं घाटत होतं. सर म्हणाले, "देवानं काय पाप केलंय, त्याला हितं हुबा करायला?" मग त्यांनी तिथे एक म्हातारी रंगवली. पदर खोचलेला, हात कमरेवर, नजर थेट समोरच्यावर. त्या नजरेखाली उभं राहायची कुणाची छाती होईना. म्हातारीचे फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरले आणि ते बघून पुण्याहून सानिका आली.

सानिका भिंतचित्रांच्या एका महोत्सवाचं काम बघायची. पोरगी गोड, कामसू. तिच्यावर मला कधी नीट रागावता आलं नाही. तिने सरांना साखर कारखान्याच्या जुन्या गोदामाची भिंत देऊ केली. हायवेवरून दिसणारी ती भिंत सर कित्येक वर्षं एसटीतून जाता-येता डोळे भरून बघत आले होते. पण खर्च रंगाची एक कंपनी करणार होती आणि तिला चित्राइतकीच चित्रकाराची 'गोष्ट' हवी होती. सरांचं घर मेंढपाळाचं हे कळल्यावर गोष्ट तयारच झाली. फलक छापून आला, 'कुणीही न शिकवलेला मेंढपाळ चित्रकार'. घोंगडं पांघरून सरांचे फोटो काढले. ते चुलतभावाकडून मागून आणलेलं होतं आणि सरांना भयंकर टोचत होतं.

मी वैतागले. निम्मं आयुष्य शाळेत घालवलेल्या माणसाने हे चालवून कसं घ्यावं? सर हसले. "बाई, भिंत लय मोठी हाय. एवढंसं खोटं तिच्यावर दिसायचं न्हाई."

त्या भिंतीवर त्यांनी एसटीची वाट बघणारी माणसं काढली. बोचकी, पिशव्या, झोपलेली पोरं, वैतागलेले म्हातारे. लोक गाड्या थांबवून त्यात आपली मावशी, आपला शेजारी शोधत. सर इतके खुशीत होते की मीही फलकाचा विषय सोडून दिला.

मग सांगलीहून आत्तार मास्तरांचा फोन आला. सरांना चित्रकला शिकवली ती या मास्तरांनी. वसतिगृहात पोटाचे हाल, म्हणून ते पोराला स्वतःच्या घरी जेवायला बसवायचे आणि हात धुतले की पुढ्यात कागद ठेवायचे. आता ते फार थकले होते. पेपरात फलकावरच्याच शब्दांत आलेली बातमी नातसुनेने त्यांना वाचून दाखवली होती. तक्रारीचा एक शब्द नाही. नाव झालं, बरं वाटलं, चित्र बघायला येतो, एवढंच म्हणाले. हे मला सांगताना सर रडले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

फलक बदला, म्हणून सर सानिकाकडे गेले. तिने कंपनीला विचारलं. कंपनी नाही म्हणाली. तेव्हा सरांनी ब्रश घेतला आणि चित्राखाली, आपल्या सहीच्याही वर, ठळक अक्षरांत लिहिलं, 'शिकवलं आत्तार मास्तरांनी, सांगली'.

उद्घाटन तोंडावर आलेलं. कंपनीचा माणूस धावत आला. एवढी एक ओळ पुसू, चित्र जसंच्या तसं राहील, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. सानिकाने हात जोडले. सर त्या चित्राकडे बघत राहिले. इतकी वर्षं मनात धरलेली भिंत होती ती. मला वाटलं, आता मान डोलावणार.

"वळ ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "न्हाईतर समदंच पुसा."

कंपनीने सगळंच पुसलं.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की मला भिंत पुसल्यानंतरची एक दुपार दिसते. मास्तर नातवाच्या गाडीतून आले, काठी टेकत उतरले. समोर नुसती पांढरी भिंत. काय झालं ते मीच सांगितलं. मास्तरांनी भिंत वरपासून खालपर्यंत बघितली. मग सरांकडे वळून म्हणाले, "अक्षर कसं आलंतं रं?"

आमचे पिकल्या केसांचे मासाळ सर हात मागे बांधून उभे राहिले. "शेवटाला जरा खाली उतरलं हुतं, मास्तर."

"मग परत काढ."

सरांनी रस्त्याकडेचा विटेचा एक तुकडा उचलला आणि मास्तरांच्या देखत, त्या पांढऱ्या भिंतीवर, त्यांचं नाव सावकाश एका रेषेत काढलं.