रुमालाखालचा हात

हा लेख लिहायला मला पंधरा दिवस लागले. मी अक्षरांच्या तक्त्यावर एक बोट फिरवतो आणि माझी पत्नी शोभा ती अक्षरं वहीत उतरवते. त्यामुळे विशेषणांची उधळण माझ्याकडून होणार नाही. नलिनीताईंना ती आवडतही नाही. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात मोठमोठे डॉक्टर लिहिणार आहेत. मी वाशीच्या फळबाजारातला माणूस, तीस वर्षं आंब्याचे सौदे केले, आणि आता ताईंचा पेशंट. ‘पेशंट’ हा शब्द त्यांना चालत नाही, पण लेख माझा आहे.

ताई पहिल्यांदा जुईनगरच्या आमच्या घरी आल्या तेव्हा मला पक्षाघाताचा झटका येऊन चार महिने झाले होते. वाचा गेली होती, अंगही गेलं होतं. उजवं मनगट आणि बोटं तेवढी हलत. ऐकू मात्र सगळं येत होतं, कळत होतं, आणि हेच वाईट होतं. भेटायला येणारे माझ्या पलंगाशी उभे राहून शोभाला विचारत, “यांना कळतं का हो?” भरल्या घरात मी एकटा पडलो होतो. शोभा मला भरवायची, पुसायची आणि स्वतः दिवसेंदिवस वाळत चालली होती. मला तिला एकच विचारायचं होतं: तू जेवलीस का? तिचा हात हाती आला की मी बोटं दाबायचो. ती म्हणायची, “थरथर वाढलीया ह्यांची,” आणि माझा हात पांघरुणात ठेवायची.

ताई आल्या त्या आधी माझ्याशी बोलल्या. “मी नलिनी. ज्यांना तोंडानं बोलता येत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट शोधणं हे माझं काम. तुमची वाट कुठली ते मला अजून ठाऊक नाही.” मग माझा हात हातात घेतला. मी बोटं दाबली. त्यांनी शोभाला विचारलं, “हे काम काय करायचे?”

“आंब्याच्या मार्केटात हुते. दलालाकडं.”

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून सौदा ठरतो. भोवती पन्नास माणसं असली तरी कळतं दोघांनाच. त्याला हत्ता म्हणतात. ताईंनी ही रीत ऐकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तडक फळबाजारात गेल्या आणि पेट्यांच्या गर्दीत उभ्या राहून माझा जुना सोबती तुकाराम याच्याकडून हत्ता शिकल्या. तुकाराम मला नंतर सांगत होता, “दत्ताभाऊ, बाईंनी हात असा आवळला, मी इकतोय का घेतोय त्येच इसरलो!”

संध्याकाळी त्या तुकारामचाच रुमाल घेऊन आल्या. माझ्या हातावर टाकला आणि खालून आपला हात घातला. “मान्य असेल तर तळवा दाबा. नसेल तर हात सोडा. तुम्हाला सगळं कळतं ना?”

मी तळवा दाबला. चार महिन्यांत मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी रडलो, आणि हे लिहायला लाज वाटत नाही.

ताईंची चूकही सांगायला हवी, नाहीतर गौरव खोटा. त्यांनी मला पहिला तक्ता करून दिला त्यात पाणी, जेवण, औषध, दुखतंय, कूस बदला असे शब्द होते. चित्रं सुरेख होती. मी आठवडाभर त्याला बोट लावलं नाही. शोभा वैतागली, “बाईंनी येवढं केलं, अन् ह्यांचा आपला हेका!” ताई समोर येऊन बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ही त्यांची जुनी सवय. दुसऱ्याच्या तक्त्यावर आपलं बोट घाईनं पडू नये म्हणून. त्या थांबल्या. खूप थांबल्या.

मी ‘जेवण’वर बोट ठेवलं आणि शोभाकडे पाहिलं.

“भूक लागली?” शोभा उठलीच. मी बोट काढलं. पुन्हा ‘जेवण’, पुन्हा शोभा. तिसऱ्या खेपेला ताईंनी रुमालाखाली हात घातला. “दत्ताभाऊ, तुम्ही मागत नाही आहात, विचारताय?” मी तळवा दाबला. “शोभा जेवली का, असं?” मी पुन्हा दाबला.

दुपार टळली होती आणि शोभाच्या पोटात सकाळचा चहाच होता. ताईंनी माझ्यापुढे हात जोडले. “चुकलं माझं. तुम्हाला नुसतं मागता येईल असा तक्ता केला मी. तुम्हाला कुणाची विचारपूस करायची असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.” नवा तक्ता अक्षरांचा आला. त्यात वर तीन शब्द होते: तू, तुम्ही, तसं नाही. तिसरा मी जरा जास्तच वापरतो, असं शोभा लिहायला सांगते आहे.

ताईंच्या चिकाटीबद्दल एकच सांगतो. तळोज्याला कारखान्यातला एक कामगार अपघातानंतर मुका झाला. ताई दर गुरुवारी बसनं त्याच्याकडे जातात. सहा महिने झाले, त्यानं एकाही खुणेला उत्तर दिलेलं नाही. मी विचारलं, मग कशाला जाता? म्हणाल्या, “त्याचं बोलणं अजून जुळतंय. मी मध्येच कशी उठू?”

ताई सानपाड्याला एकट्या राहतात. यजमान गेले, मुलगा परदेशी. गेल्या महिन्यात आल्या तेव्हा थकलेल्या दिसल्या. नेहमीसारखी सगळ्यांची विचारपूस केली. मी तक्त्यावर बोट नेलं: तुम्ही जेवलात का?

त्या “हो, झालं की” म्हणाल्या नाहीत. चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. शोभा काहीतरी बोलणार होती, मी तिला डोळ्यांनी थांबवलं. बऱ्याच वेळानं ताई म्हणाल्या, “दत्ताभाऊ, हे मला शेवटचं कुणी विचारलं होतं, तेच आठवून बघतेय.” शोभा उठून ताट वाढायला गेली.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि बसची पायरी तुम्हाला कधी जड न होवो. गुरुवारी तळोज्याहून परतताना जुईनगरला उतरत जा. पान वाढलेलं असेल. बोलावंसं वाटलं तर बोला, नाही वाटलं तर राहू द्या. मला हात मांडीखाली घालता येत नाहीत, पण थांबता येतं.